माझ्या अंगावरचा गुळाचा डाग

मी एक जुनं जाजम आहे, मित्रांनो, आणि मी भयंकर चिडलेलं आहे. बाकीच्या वस्तू तुम्हाला आपली कहाणी गोड आवाजात सांगत असतील. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

आमचं गाव गारगोटीजवळ. चाळीसेक वर्षांपूर्वी गावचे तंटे सोडवणाऱ्या केरबातात्यांनी मला कोल्हापूरच्या बाजारातून एसटीच्या टपावर टाकून आणलं. गावात कुणी कुणाचं नुकसान केलं, की पोलिसांत जायच्या आधी मारुतीच्या देवळापुढं मला अंथरायचे. सगळ्यांनी चपला काढून माझ्यावरच बसायचं, मग तो सरपंच असो नाहीतर आणखी कोण. ज्याला लागलंय त्यानं पहिलं बोलायचं. तो 'माझं झालं' म्हणेपर्यंत दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. मग चूक करणाऱ्यानं ती कशी निस्तरणार ते सांगायचं, आणि समोरच्याला पटलं तरच दोघांनी एका ढेपेतला गूळ खायचा. नाही पटलं तर पोलीस ठाण्याची वाट कुणी अडवत नसे. एकदा एक माणूस दोन तास नुसता रडला, आणि सगळं गाव दोन तास गप्प बसलं. तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटायचा.

तात्या गेले. विजयसिंह तंटामुक्त समितीचे अध्यक्ष झाले आणि माझी रवानगी समाजमंदिराच्या माळ्यावर झाली. नाही, फेकलं गेलं म्हणा. उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला. तेही एक वेळ सोसलं.

पण यंदाच्या हंगामात गावातल्याच विश्वजित नावाच्या पोरानं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर गावातून हाणला. टेपचा आवाज एवढा, की कडेनं वैरणीचा भारा घेऊन चाललेल्या झुंबरबाई ओरडल्या ते त्याला ऐकूच गेलं नाही. ट्रॉलीचा धक्का लागला, त्या पडल्या, उजवा हात मोडला. हा बाबा थांबलासुद्धा नाही. झुंबरबाई घरात एकट्या, आणि दोन म्हशींवर त्यांचं सगळं चालतं. आता धारा कोण काढणार?

चार दिवसांनी समाजमंदिरात बैठक बसली. तंटामुक्त गावाच्या पुरस्कारासाठी तालुक्याची माणसं गाव तपासायला येणार होती, त्याआधी सगळे तंटे कागदावर मिटायला हवे होते. मला झटकून फोटोत दिसेल असं पुढं अंथरलं. समिती मात्र प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, चपला घालून. झुंबरबाई तेवढ्या माझ्यावर बसल्या.

"त्या दिशी माझ्या डोस्क्यावर भारा हुता," त्यांनी सुरुवात केली.

"मावशी, ते समद्यास्नी ठावं हाय की," विजयसिंह मध्येच म्हणाले. "गडी आपलाच हाय. मिटवून टाका."

आणि झुंबरबाईंच्या डाव्या हातावर गुळाचा खडा ठेवला. उजवा प्लास्टरमध्ये, सही कशी करणार? म्हणून अंगठा घेतला. सातवी शिकलेल्या बाईचा अंगठा घेतला, मित्रांनो. विश्वजित तेवढा वेळ मोबाईल बघत होता. फोटो निघाला, तंटा मिटला.

अरे, काय मिटलं? माणसाला तुरुंगात न घालता गावानं त्याच्याकडून चूक निस्तरून घ्यावी, हे चांगलंच काम आहे. मी जन्मभर तेच केलं. पण ज्याचा हात मोडला त्याचं तोंड दाबायचं आणि वर त्याला समेट म्हणायचं, याची मला चीड येते.

झुंबरबाईंनी गूळ माझ्यावर ठेवला आणि उठून थेट पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार दिली. मला गुळासकट गुंडाळून कोपऱ्यात टाकलं. रात्रभर मुंग्या चावत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला एका हातानं फरफटत देवळापुढं आणलं, जमेल तसं अंथरलं आणि मधोमध बसल्या. तक्रारीचं कळून विजयसिंह धावत आले, मागून विश्वजित.

"मावशी, तुम्ही अंगठा दिलाय न्हवं?"

"अंगठा दिलाय. बोलणं राह्यलंय माझं. चपला काढा आन् बसा खाली."

ते बसले. झुंबरबाई तासभर बोलल्या. ट्रॉलीचं चाक डोक्यापासून वीतभर अंतरावरून गेलं, ते सांगितलं. त्या संध्याकाळी दुधानं तटतटलेल्या म्हशी हंबरत होत्या आणि त्या डाव्या हातानं सड ओढत रडत होत्या, तेही सांगितलं. मग म्हणाल्या, "माझं झालं."

विश्वजितची मान वर होत नव्हती. "मावशी, हात बरा हुईस्तोवर धारा मी काढतो. सकाळ-संध्याकाळ. आन् गावात टेप बंद."

"करून दाव. तक्रार मागं घ्यायची का न्हाय, ते प्लास्टर निघाल्यावर मी ठरवीन."

म्हशीनं पहिल्या दिवशी त्याला लाथ घातली. दुसऱ्या दिवशी पान्हा चोरला. तरी तो रोज जातोय.

आणि आता विजयसिंहांनी हुकूम सोडलाय, की पाहुणे यायच्या आत मला धुऊन काढा, गुळाचा डाग फोटोत वाईट दिसतो. मित्रांनो, वस्तू स्वच्छ ठेवाव्यात असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. मला जपायचं असेल तर चपला काढून माझ्यावर बसा, आणि ज्याला लागलंय त्याचं बोलून होईपर्यंत गप्प राहा. हा डाग मात्र धुऊ नका. झुंबरबाईंनी अजून गूळ खाल्लेला नाही.