लव्हाळ्याचा रकाना

देशातली रानं, पाणी, माती माणसाला काय काय देतात याची मोजणी चालू होती. पुढे कुठली जागा राखायची आणि कुठली वापरायला द्यायची, ते या मोजणीवरून ठरणार होतं. पुराचं पाणी किती जिरतं, सांडपाणी किती गाळलं जातं, हे पाहायला यंत्रं घेऊन वेगळी माणसं येऊन गेली होती. मोजणीसाठी नेमलेल्या ताईंच्या वाट्याला आलेलं काम साधं होतं. पाणथळीच्या काठच्या बारा घरांत जायचं, प्रश्न विचारायचे आणि सांगतील ते लिहायचं.

आठ घरांत आठ ‘नाही’ मिळाले होते. लव्हाळं आणत नाही, मासे धरत नाही, गवत कापत नाही. गेल्या वर्षी पाणथळीच्या रखवालदाराने लव्हाळं कापणाऱ्या चौघींचे विळे काढून घेतले होते आणि नावं लिहून नेली होती. तेव्हापासून कागद घेऊन कुणी आलं की वस्तीत उत्तर तयार असे.

नववं घर पाण्याला अगदी लागून होतं. सून दारात चटई विणत होती. ताईंना पाहताच तिने ती गुंडाळून पाठीमागे सारली. आत खाटेवर सासू बसली होती.

“पाणथळीतून तुम्ही लव्हाळं आणता?”

“छे हो.”

“मग ही चटई?”

“माहेरची आहे.”

“हिचं माहेर डोंगरावर,” खाटेवरून आवाज आला. “तिथे प्यायला पाण्याची बोंब, लव्हाळं कुठून उगवणार?”

“आई, तुम्ही गप्प बसा ना!”

“गप्पच तर आहे. मी काही बोलले का?”

ताई हसल्या नाहीत. कुणाच्या मनातलं ओढून काढणं हेही हिसकावणंच, असं त्यांना वाटे. त्यांनी ‘नाही’ लिहिलं.

सुनेने मान लांब करून कागदाकडे पाहिलं. “या ‘नाही’चं पुढे काय होतं, ताई?”

आपणहून सांगायचं नाही, पण विचारलं तर लपवायचंही नाही, अशी सूचना होती. ताईंनी सांगितलं. “ज्या जागेचा काठच्या घरांना उपयोग नाही, ती मोकळी धरतात. इथे भराव टाकून गोदाम करायचं, अशी मागणी आलेली आहे.”

“मग भराव टाकतील?”

“टाकतीलच असं नाही. पण अडवायला तुमच्या बाजूने कागदावर काही नसेल.”

सुनेचा हात पाठीमागच्या गुंडाळीवर गेला. घर त्या चटयांवर चालत होतं. “आणि ‘हो’ म्हटलं तर?”

“कागदावर तुमचं नाव राहील. ते रखवालदाराकडे जाणार नाही, असं आम्हाला सांगितलंय. मी मात्र शपथेवर सांगू शकत नाही.”

“जरा गोड बोलून तरी सांगायचंत! इकडे आड, तिकडे विहीर.”

खाट करकरली. सासू भिंतीचा आधार घेत दारापर्यंत आली आणि खाली बसली. “खोड ते ‘नाही’. लव्हाळं मी कापते. माझं नाव लिही.”

“आई!”

“तू गप्प बस आता. मला कोण धरून नेणार? नेलं तर रोज खायला घालावं लागेल. माझ्या जिभेला रुचेल असं रांधणं तुला बारा वर्षांत जमलं नाही, त्यांना काय जमतंय!”

म्हातारीची बोटं सांध्यांत वळून आखडली होती. पाण्याचा पेलाही ती दोन्ही तळव्यांत धरत असणार. ताईंनी आजवर जाणूनबुजून खोटं अक्षर लिहिलं नव्हतं. पेन हातात तसंच राहिलं.

“आजी, विळा धरता येतो?”

“तुझ्या कागदात असा प्रश्न आहे?”

ताईंनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. तसा प्रश्न नव्हता. बाहेर लव्हाळं कापून नेलेल्या जागी खुंट दिसत होते, दारात चटई होती. कापलं जातं हे खरं होतं. कोण कापतं, ते सांगणारीने सांगितलं होतं. त्यांनी ‘नाही’वर एक रेघ ओढली, वर ‘होय’ लिहिलं आणि शाईची डबी पुढे केली. आखडलेला अंगठा टेकवायला सुनेने मदत केली. तिचं नाक लाल झालं होतं.

“वर्षाला किती भारे?”

“ऐंशी.”

“साठ,” सून पुटपुटली.

“कापते मी की तू?”

“आजी, खरा आकडा हवा. फुगवलेला सापडला तर सगळाच तक्ता बाद करतील.”

म्हातारीने सुनेकडे पाहिलं. “बरं, साठ. पण पुढचा रकाना कसला गं? मासे? लिही, तेही मीच धरते.”