आजींच्या केसांचा विमा

वृद्धाश्रमात नव्या मॅनेजरबाई आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी कात्रीताईला दारात अडवलं. नऊ वर्षं दर दुसऱ्या मंगळवारी पिशवी घेऊन केस कापायला येणारी बाई, इथल्या चौदाही डोक्यांचे भोवरे तिला पाठ, आणि तिलाच म्हणे आत सोडायचं नाही!

"लायबिलिटी इन्शुरन्स आहे का तुमचा?" मॅनेजरबाईंनी विचारलं. "म्हणजे तुमच्या हातून कुणाला इजा झाली, तर भरपाई देणारा विमा. महिनाअखेर कागद आणा. नाहीतर आमचा माणूस सगळ्यांच्या डोक्यावर केस कापायचं मशीन फिरवेल."

बाकीच्यांचं एक वेळ ठीक होतं, त्यांचे केस ते किती! ताईला काळजी होती ती सात नंबरच्या खोलीतल्या आजींची. आजींना स्वतःचं नाव आठवत नव्हतं, जेवण झालं का तेही आठवत नव्हतं. पण त्यांच्या कमरेपर्यंतच्या पांढऱ्या केसांना कुणी हात लावला, की त्या किंचाळायच्या. फक्त ताईचा कंगवा चालायचा त्यांना. त्या डोक्यावर मशीन? घरी जाताना ताई रस्त्यातच रडली.

मग सुरू झाली वणवण. पहिल्या कंपनीत विचारलं, "दुकानाचा पत्ता?" ताईचं दुकान म्हणजे खांद्यावरची पिशवी. पत्ता नाही, तर विमाही नाही. दुसऱ्या कंपनीने फोनवर अर्धा तास एक दाबा, दोन दाबा करायला लावलं आणि शेवटी एका मुलीने गोड आवाजात सांगितलं, की गिऱ्हाइकं सत्तरीच्या वरची असतील तर आम्ही विमा देत नाही.

"मग काय पाळण्यातल्या पोरांचे केस कापू?" ताई म्हणाली, पण फोन ठेवल्यावर.

तिसरा एजंट मात्र भला निघाला. घरी येऊन, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्याने स्वतः अर्ज भरायला घेतला. "यापूर्वी कुणाला इजा झालीय?"

"झालीय की. चार वर्षांपूर्वी, आश्रमातले पोस्टमन आजोबा. मधेच हसले आणि कानाला कात्री लागली. दोन थेंब रक्त आलं."

नवऱ्याने टेबलाखालून पाय मारला. "अगं, दोन थेंबांना कोण इजा म्हणतं? नाही म्हणून सांग!"

"कान त्यांचा होता, तुमचा नाही. लिहा हो भाऊ."

एजंटने कपाळावर हात मारला, पण लिहिलं. त्या दोन थेंबांपायी अर्ज आठ दिवस अडकला आणि आठही दिवस नवरा तिला 'हरिश्चंद्राचा अवतार' म्हणून चिडवत राहिला.

नवव्या दिवशी विमा मिळाला. एकच अट होती: ज्याचे केस कापायचे त्याची लेखी संमती हवी, आणि ज्याला समजत नाही त्याच्या जवळच्या नातेवाइकाची. तेरा सह्या एका सकाळीच झाल्या. राहिल्या आजी.

आजींना एकच मुलगा, तोही याच शहरात राहणारा. भेटीच्या वहीत त्याचं नाव तीन वर्षांपूर्वी शेवटचं लिहिलेलं. ताईने मॅनेजरबाईंच्या टेबलावरून त्याला फोन लावला.

"कागद पाठवा ना, लगेच सही करून देतो," तो म्हणाला. "त्यात काय एवढं!"

खरं तर अटीत तेवढंच होतं. 'पाठवते' म्हणायला ताईने तोंड उघडलंही. पण काचेपलीकडे आजी दिसत होत्या. दुसऱ्या कुणाला भेटायला आलेल्या माणसांकडे त्या टक लावून बघत होत्या.

"तसं नाही चालत," ताई म्हणाली. "विम्याचा नियम आहे. नातेवाइकाने शेजारी बसून सही करायची. दर वेळी."

"दर वेळी?"

"दर दुसऱ्या मंगळवारी. नाहीतर त्यांच्या डोक्यावर मशीन फिरणार."

ताईने फोन ठेवला. मॅनेजरबाईंनी विम्याचा कागद उचलला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि खणात टाकला. "बारीक अक्षरांत असेल," त्या म्हणाल्या.

मंगळवारी तो आला. घड्याळ बघत, उभ्याउभ्याच सही केली. आजींनी काही त्याला ओळखलं नाही.

"झालं ना? निघू?"

"बसा. केस धरायला माणूस लागतं," ताई म्हणाली आणि अंबाडा सोडून तिने तो सगळा पांढरा भार त्याच्या हातात दिला. आजींनी मान ताठ केली, तोंड उघडलं. आता किंचाळणार म्हणून ताईने श्वास रोखला. पण आजींनी हळूच मान खाली घातली.

"लहानपणी मी हिची वेणी मुठीत धरून झोपायचो," मुलगा म्हणाला आणि एवढा मोठा बाप्या हुंदके देऊन रडायला लागला.

बोटभरच कापायचे होते. ताईने तासभर लावला. निघताना त्याने डोळे पुसले आणि दाराशी थांबून विचारलं, "ताई, सही आठवड्याला नाही का चालणार?"