रुमालाखालची फिरकी

संस्कृती भवनाचं दार उघडायला अजून अवकाश होता, पण रांग पार बेकरीच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. जुलैचं ऊन, सावलीचं नाव नाही, आणि प्रत्येकाच्या हातात बाजू फिरवून रंग जुळवायचा एक ठोकळा. कुणाच्या ठोकळ्याचे कागद निघालेले, कुणाचा कोपरा कुत्र्याने चावलेला, एका बाईंनी तर आपला बाळाच्या दुपट्यात गुंडाळून आणलेला. हा ठोकळा जन्मला आमच्याच बुडापेस्टात. माझ्या लहानपणी तो घरोघरी आला, सगळ्यांनी हौसेने फिरवला, विस्कटला, आणि तो जो खणात जाऊन पडला तो तिथेच राहिला. अख्ख्या जगाला आपण दिलेलं कोडं आपल्याच घरात सुटत नाही, ही बोच आमच्या पिढीच्या मनात कायमची आहे. विदोरने नेमकी तीच बोच हेरली होती.

विदोर स्वतःला ताल्तोश म्हणवत असे. ताल्तोश म्हणजे आमच्या जुन्या कथांमधला मांत्रिक, जन्मतःच सहा बोटं घेऊन येणारा. विदोरला बोटं पाचच होती. सहावं अदृश्य आहे म्हणे.

"घरातला न सुटलेला ठोकळा आणा," असं त्याने तिसा नदीकाठच्या गावागावांत सांगत सुटायचं. "तो अडलाय म्हणून तुम्ही अडलात. ठोकळा किराक, पीडा किराक!"

आमच्या भाषेत ठोकळा सोडवण्याला आणि घरातली अडगळ बाहेर काढण्याला एकच क्रियापद आहे, 'किराक'. शब्दाची ही एवढीशी कोटी, पण लोकांना वाटे त्यात वेदवाक्य दडलंय. ठोकळा सुटला की सभागृह एका आवाजात ओरडे, "किराक्वा!" म्हणजे सुटला, आणि गेलाही. मग कुणाची पाठदुखी राही, कुणाचं कर्ज फिटे, कुणाची सून नांदायला येई. निदान तसं ऐकू तरी येई.

मला हसू आलं असतं. पण रांगेत माझ्यापुढे माझी थोरली बहीण गिझी उभी होती, आणि तिच्या छातीत गाठ होती.

डॉक्टरांनी शस्त्रक्रियेसाठी शुक्रवार ठरवून दिला होता. त्याआधी ताई विदोरकडे गेली, बाबांचा जुना ठोकळा घेऊन. बाबा गेले त्या वर्षी त्यांनी तो शेवटचा फिरवला होता, आणि तेव्हापासून ताईने त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. मला तर नाहीच. मी इथल्या शाळेत संगणक शिकवते आणि ठोकळ्याचं मला वेड आहे, दोन्ही हात मोकळे असले की फिरवत बसते. विदोरने डोळ्यांवर पट्टी बांधून तो ठोकळा सोडवला आणि ताईला म्हणाला, "ठोकळ्याची गाठ सुटली, आता तुझीही सुटेल. मात्र सुरी लागू देऊ नकोस. सुरी लागली की गाठ पुन्हा बसते." ताईने त्याच संध्याकाळी इस्पितळात फोन करून शस्त्रक्रिया रद्द केली.

मी इस्पितळात हातापाया पडून तिची खाट राखून ठेवायला लावली होती. उद्या दुपारपर्यंत ताईने हो म्हटलं नाही, तर ती दुसऱ्या कुणाला जाणार होती. आज ठोकळा मी आणला होता, ताई नुसती सोबत आली होती, आणि रांगेत माझा पाय एका जागी ठरत नव्हता.

"नाचू नकोस गं," ताई म्हणाली. "लोक बघतायत."

"ताई, तुला परत सांगते. विदोर बाबांचा ठोकळा सोडवतो तो तुझा व्हिडिओ मी पंचवीसदा पाहिला. तो माणूस स्वतः सोडवत नाही. त्याला कुणीतरी सांगतंय."

"पुन्हा तुझं तेच! कोण सांगतंय? डोळ्यांवर पट्टी आहे."

"कानांवर कुठे आहे? या उकाड्यात लांडग्याच्या कातड्याची कानटोपी घालून कोण बसतं?"

"ताल्तोश बसतो," ताई ठामपणे म्हणाली. "तुला ना एमोके, सगळीकडे संगणकच दिसतो."

मागून निवृत्त स्टेशनमास्तर द्योमेकाकांनी तोंड घातलं. "बसू दे गं त्याला टोपी घालून. माझा गुडघा बरा झाला तर मी त्याला कोट पण शिवून देतो!"

आता माझा संशय काय होता, ते सांगते. संगणकाला विस्कटलेला ठोकळा दाखवला की तो असंख्य वाटा धुंडाळून सोडवण्याची जवळची वाट काढून देतो. मी रोज हेच करते. 'हे तीन कोपरे फिरव, बाकी कशाला धक्का नको,' असं संगणकाला सांगते, आणि कुठली बाजू कधी फिरवायची, अशा फेऱ्यांच्या माळाच्या माळा तो शोधून पुढ्यात टाकतो. त्यातल्या बहुतेक मी फेकून देते, कारण त्या बोटांना जमत नाहीत. माणूस उजव्या हाताला सोपं पडेल असं फिरवतो. यंत्राला मनगट नसतं. ते मागची बाजू, खालची बाजू, काहीही फिरवायला सांगतं. शिवाय माणूस सोडवतो तेव्हा रंग हळूहळू, टप्प्याटप्प्याने जुळत येतात. यंत्राच्या वाटेत अगदी शेवटपर्यंत नुसता गोंधळ दिसतो आणि अखेरच्या चार फेऱ्यांत सगळं एकदम जागेवर बसतं. विदोरचा ठोकळा असाच सुटत होता, आणि मागची बाजू फिरवताना त्याचं मनगट पार वाकडं होत होतं.

दार उघडलं. आत पंखे नावालाच होते. मंचावर पाठीमागे काळा पडदा, पुढे विदोर बसलेला, पट्टी बांधलेला, घामाने निथळणारा, आणि डोक्यावर ती टोपी. बाजूच्या टेबलावर मोठा पितळी दिवा. विदोरची बायको सारोल्ता ढोल बडवत होती.

"शास्त्रज्ञ काय म्हणतात ठाऊक आहे?" विदोर गरजला. "कसाही विस्कटलेला ठोकळा वीस फेऱ्यांत सुटतो! आणि त्या विसाला ते काय म्हणतात? देवाचा आकडा! बघा, त्यांच्याच तोंडून देव बोलला!"

सभागृहात शहारा आला. मला मात्र कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. हा आकडा संगणकांनी मोजून काढला, आणि आम्हा ठोकळेवेड्यांनी त्याला चेष्टेत देवाचं नाव दिलं. आता त्या चेष्टेवर हा बाबा दुकान चालवत होता.

विधी नेहमीचाच होता. सारोल्ता ठोकळा घेऊन दिव्याखाली धरी आणि सहा दिशांना दाखवी: आकाश, पाताळ, पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण. मग त्यावर भरतकामाचा रुमाल टाकी, म्हणजे वाईट नजर लागू नये. रुमालात झाकलेला ठोकळा ज्याचा त्याने उचलून विदोरच्या हाती द्यायचा. एकामागून एक ठोकळे सुटत गेले. "किराक्वा! किराक्वा!" द्योमेकाकांचा तर विदोरने चुटकीसरशी सोडवला. काका मंचावरून उड्या मारत उतरले आणि तिसऱ्या पायरीवर "आई गं" करून गुडघा धरून बसले.

"बरा झाला का, काका?" मी विचारलं.

"वेळ लागतो," ते कण्हत म्हणाले. "श्रद्धा पाहिजे."

मग माझा नंबर आला. पहिल्या रांगेतून ताई माझ्याकडे धास्तावून बघत होती. सारोल्ताने माझा ठोकळा सहा दिशांना दाखवला, रुमाल टाकला. मी तो उचलला. टेबलापासून विदोरपर्यंतचं अंतर फार तर चार पावलं. माझ्या ठोकळ्याला मी सकाळीच तेल घातलं होतं, त्यामुळे तो फिरवताना आवाज करत नव्हता.

विदोरने ठोकळा घेतला. फिरवू लागला. वर, मागे, खाली, पुन्हा मागे, मनगट पिळवटून. ढोलाची लय वाढली. शेवटची फेरी झाली आणि त्याने ठोकळा दोन्ही हातांनी उंच धरला.

"किराक्वा!"

कुणीच ओरडलं नाही.

"किराक्वा!" तो पुन्हा गरजला.

"अहो, पट्टी काढून बघा तरी," द्योमेकाका म्हणाले.

विदोरने पट्टी वर सारली. ठोकळा निम्माशिम्मा जुळलेला होता आणि बाकीचा ठिगळ लावल्यासारखा. पण तो मुरलेला होता.

"हिच्या मनात पाप आहे!" त्याने माझ्याकडे बोट केलं. "अविश्वासी हात लागला की देव तोंड फिरवतो!"

सभागृह कुजबुजलं. ताईने मान खाली घातली. पण मला माहीत होतं की पडद्यामागे कुणीतरी आहे, आणि ते कोणत्या जातकुळीचं आहे हेही माहीत होतं. ते माझ्याच जातकुळीचं, संगणकवेडं होतं. पाप म्हटलेलं त्याला चालेल. चूक म्हटलेलं चालणार नाही.

"पाप कसलं? गणित चुकलं तुमचं," मी मोठ्याने म्हणाले. "कुठलं तरी टाकाऊ सॉफ्टवेअर वापरत असाल. शाळेतली पोरं याहून बरं काढतात."

"बाई, कसलं सॉफ्टवेअर? इथे देव..."

"देव नाही, कुणीतरी अडाणी बसवलाय मागे. साधे रंग धड वाचता येत नाहीत त्याला!"

"चुकलेलं नाही!" पडदा ओरडला.

ढोल थांबला.

"उत्तर बरोबर आहे! मी दोनदा तपासलंय!" पडदा बाजूला झाला आणि लॅपटॉप छातीशी धरलेला, गळ्यात हेडफोन, मिशीला 'पोगाचा' नावाच्या खाऱ्या बिस्किटाचा चुरा लागलेला एक गृहस्थ बाहेर आला. तो सारोल्ताचा भाऊ, म्हणजे विदोरचा मेहुणा निघाला. "माझं उत्तर आजवर एकदाही चुकलेलं नाही. ही बघा चित्रं, सहाच्या सहा बाजू!"

"आत हो, गाढवा!" विदोर दात आवळून म्हणाला.

"का आत होऊ? ती मला अडाणी म्हणाली!"

"मग दाखवा सिद्ध करून," मी म्हणाले. "ताई, वर ये. माझा नको, तुझा हात लावू या, म्हणजे कुणाला पापाची शंका नको."

ताई आली. तिने विदोरच्या हातातून ठोकळा घेतला. मेहुणेबुवांनी लॅपटॉपवरच्या फेऱ्या शेवटापासून उलट वाचायला सुरुवात केली. मी बाजू दाखवत गेले आणि ताई एकेक फेरी मागे फिरवत गेली. सगळं सभागृह माना पुढे करून बघत होतं. पहिल्या फेरीपर्यंत मागे आल्यावर मी म्हटलं, "आता ही उजवी बाजू एकदा माझ्याकडून तुझ्याकडे फिरव. दिव्यापासून खुर्चीपर्यंत येताना रुमालाखाली मी हिला एकच फिरकी दिली होती, तेवढी उलटव."

ताईने ती बाजू फिरवली. मेहुण्याने ठोकळा लॅपटॉपवरच्या चित्रांशी ताडून पाहिला आणि आनंदाने मांडीवर थाप मारली. "हाच! हाच मी पाहिला होता!"

"आता तुमचं उत्तर वाचा. सरळ."

त्याने वाचलं, ताईने फिरवलं. मधे नुसता गोंधळ. मग अखेरच्या चार फेऱ्या, आणि सहाही बाजू एकरंगी होऊन ताईच्या हातात आल्या. टोपी नाही, ढोल नाही, सहावं बोट नाही.

"बघा!" मेहुणा दोन्ही हात पसरून म्हणाला. "म्हटलं नव्हतं?"

"अगदी बरोबर," मी म्हणाले. "मंडळी, यांचं उत्तर चोख होतं. फक्त ते दिव्याखाली असलेल्या ठोकळ्याचं होतं, विदोरच्या हातातल्या ठोकळ्याचं नव्हतं. देव बघत असता तर त्याने रुमालाखालचंही पाहिलं असतं. दिव्यातल्या कॅमेऱ्याने दिव्यापर्यंतच पाहिलं. सहा दिशा म्हणजे ठोकळ्याच्या सहा बाजू. बाकी सगळं त्या टोपीत आहे."

द्योमेकाकांनी लंगडत मंच गाठला आणि काठीच्या टोकाने टोपी उडवली. विदोरच्या कानात बोटाच्या पेराएवढं काळं यंत्र होतं. तो काहीतरी पुटपुटला, पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही. लोक देणगीच्या पेटीकडे धावले होते. मेहुणा एकटा अजून चकाकत्या डोळ्यांनी लॅपटॉपकडे बघत होता. खरं सांगते, मला त्याची थोडी दया आली. चांगलं काम येत होतं बिचाऱ्याला.

ताई तिथेच उभी होती. सुटलेला ठोकळा तिने छातीशी धरला होता, गाठ होती त्याच बाजूला.

"म्हणजे बाबांचाही असाच सुटला," ती म्हणाली.

"हो."

"मग माझी गाठ?"

मला चिडच आली, तिच्यावर नाही, या सगळ्यावर. "तुझी गाठ आहे तिथेच आहे, ताई. त्याने नुसता ठोकळा फिरवला. आणि ठोकळा सुटला तो यंत्रामुळे. तू आत्ता मदत घेतलीस तीही यंत्राचीच. मग यंत्र दिव्यात लपवणाऱ्यांना गाठ कशाला दाखवायची? इस्पितळातलं यंत्र समोर उभं असतं. त्याने काय पाहिलं ते डॉक्टर तुला कागदावर देतात, वर म्हणतात की शंका असेल तर दुसऱ्याला दाखवा. विदोर म्हणाला होता का कधी दुसऱ्याला दाखवा?"

ताई ठोकळा तसाच हातात घेऊन निघाली. मीही तिच्यामागे बाहेर आले. बेकरीच्या कोपऱ्यावर मघाची रांग आता घोळके करून भांडत होती, प्रत्येकजण म्हणत होता की त्याला पहिल्यापासून संशय होता.

कुणी चमत्कार दाखवला तर हरकत नाही, डोळे भरून बघा. फक्त एवढंच विचारा: हे मला स्वतःच्या हाताने करून बघू द्याल का? जो देईल त्याचं ऐका. जो तुमच्या मनातलं पाप शोधू लागेल, त्याची आधी टोपी काढा.

घराच्या फाटकाशी ताई थांबली आणि ठोकळा माझ्यापुढे धरला.

"ही बाजू फिरवायची, नंतर मागची, मग काय म्हणाला होता तो?"

"आत्ता? आता शिकतेस?"

"शिकव की. तिथे पडून पडून करू काय?" आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझा फोन दे. माझा बंद पडलाय, आणि ती खाट उद्या दुपारपर्यंतच आहे ना?"