भट्टीजवळची टाकी

भट्टी दर चौथ्या दिवशी बंद पडत होती. दिवस खेळातले, म्हणजे आपल्या घड्याळाने काही मिनिटांचे, पण नेम चुकत नव्हता.

एमएस्सीचा निकाल लागला आणि हाताशी मोकळा वेळ आला, म्हणून मी आमचं जुनं मॉड उघडलं होतं. कॉम्प्युटरवर ठोकळे रचून जग बांधायच्या खेळात खेळणारे स्वतःची भर घालू शकतात, तिला मॉड म्हणतात. नववीत असताना मी आणि शिवमने असा एक फ्यूजन रिॲक्टर बनवला होता. सूर्यात होतं तसे हलके अणू जोडून वीज देणारा. आम्ही त्याला भट्टीच म्हणायचो. ती अजून काही लोक वापरतात हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं.

आता मात्र तिच्याकडे बघवेना. कळ दाबली की क्षणात पेटायची आणि बिघडली की अर्धं गाव उडवायची. फ्यूजनची खरी भट्टी अशी उडत नाही. आतला तापलेला वायू जरा थंड झाला की ती आपली विझून जाते. अवघड असतं ते तिला पेटती ठेवणं. मी हे सगळं नव्याने लिहिलं. पेटवायला आधी बाहेरची वीज लागेल, वायूवरची चुंबकांची पकड सैल झाली की भट्टी विझेल. समीकरणं पुन्हा तपासली. तरी चौथ्या दिवशी बंद.

माझ्या भागात चूक सापडेना, म्हणून शिवमचा भाग उघडला. भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याची फाइल त्याची होती. त्यात पाणी पाचव्या दिवशी थोडा वेळ यायचं, बाकीचे दिवस कोरडे. भट्टीत मावणारं पाणी तोवर पुरायचं नाही.

मी एकटीच हसत बसले. पडेगावात तेव्हा आमच्या नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी यायचं. शिवम मूळचा गंगापूरकडचा, शिकायला शेजारी त्याच्या आत्याकडे, आवडाबाईंकडे राहायचा. पाण्याच्या दिवशी मोटार लावून आम्ही आमच्या कॉम्प्युटरसमोर बसायचो आणि टाकी भरली का बघायला आळीपाळीने गच्चीवर पळायचो. पळायची पाळी शिवमची असली की मी त्याच्या ओळी वाचून काढायचे. ही ओळ तेव्हा नक्कीच वाचली असणार. त्यात काही खटकावं असं मला वाटलंच नसणार. पाणी रोज कुठे येतं?

मॉडच्या पानावर मात्र जगभरातून तक्रारी होत्या. आणि तक्रारींखाली लोकांनी भट्टीशेजारी बांधलेल्या टाक्यांची चित्रं. काही टाक्या भट्टीहून मोठ्या होत्या.

ती एक ओळ खोडायला क्षणही लागला नसता. पण आमचा नियम होता, एकमेकांच्या फाइलला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. शिवम बीसीए करून गंगापूरला वडिलांच्या ठिबकच्या दुकानात बसतो. वाढदिवसाच्या मेसेजपलीकडे आमचं बोलणं उरलेलं नव्हतं. तो नाही म्हणेल याची मला भीती नव्हती. ‘कर तुला पाहिजे तसं’ म्हणेल, याची होती. मग ते मॉड माझ्या एकटीचं झालं असतं.

“बोल मनू, पाइप मोजतोय,” तो फोनवर म्हणाला.

मी पाण्याचं सांगितलं. तो हसला.

“लहानपणीचं खूळ ते. काढून टाक.”

“एकदा बघ तरी.”

“मी काय बघू? फिजिक्स तुझं. कर तुला पाहिजे तसं.” मग पलीकडे कुणाला तरी काही सांगून तो म्हणाला, “रविवारी आत्याकडं येतोय. दाखव वाटलं तर.”

रविवारी दुपारी तो आला, मागोमाग आवडाबाई.

“ह्याचं येड गेलं नाय व्हय अजून?” त्यांनी पलंगावर बसत विचारलं.

“माझं नाय, हिचं,” शिवम म्हणाला.

मी त्याची ओळ काढलेली प्रत चालू केली. भट्टी पेटली. चौथा दिवस गेला, पाचवा गेला, आकडे जागचे हलले नाहीत.

“लई भारी झालंय,” तो म्हणाला.

आता तो उठेल म्हणून मी खुर्ची सरकवायला जागा केली. तो उठला नाही. माउस हातात घेऊन त्याने भट्टीशेजारी चार खांब उभे केले आणि त्यांच्यावर दगडी ठोकळे मांडायला लागला.

“पाणी आता बंद होत नाही रे,” मी म्हणाले. “टाकी कशाला?”

“असू दे. भरवसा नाय.”

“बरोबर हाय त्याचं,” आवडाबाई म्हणाल्या. “बिनटाकीचं घर पाह्यलं का तू कुठं?”

टाकी वर चढत गेली, आमच्या गच्चीवरच्यासारखी. तिच्याकडे बघता बघता मला माझी चूक दिसली. भट्टी विझली तरी तिच्या भिंती गरम राहतात. पाणी फिरवणारा पंप भट्टीच्याच विजेवर चालतो, म्हणजे तोही बंद. माझ्या नव्या भट्टीत त्या भिंती कशाने थंड होत होत्या? कशानेच नाही. मी ते लिहिलंच नव्हतं.

“शिवम, उंचावरच्या टाकीचं पाणी पंपाशिवाय खाली येईल.”

त्याचा हात थांबला. “म्हणजे पाणी रोज, पण कधीतरी पंप जाणार. लाइट गेल्यावर जातो तसा.”

“हो. आणि लोकांनी बांधलेल्या टाक्या वाया जाणार नाहीत. लिहिते मी.”

“तू कशाला? पाण्याची फाइल माझी हाय.” त्याने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. “जुनी ओळ ठेवलीस ना कुठं? का फेकली?”

“ठेवलीये.”

“मग दाखव. आणि चहा ठेव, आत्याला बिनसाखरेचा.”

“ऑर्डर सोडतोय बघ,” आवडाबाई म्हणाल्या. “दोन ओळी लिहून साहेब झाला.”

मी स्वयंपाकघरात गेले. त्या दिवशी पाण्याची पाळी नव्हती. चहाचं पाणी ड्रममधून घेतलं आणि झाकण परत नीट लावलं.