सोडायचा आकडा

पहिली जोडी लागली की रूलीनचा पाय टेबलाखाली हलायला लागायचा, तो दुसरी लागेपर्यंत नाहीतर पहिली हातची जाईपर्यंत थांबायचा नाही. तिच्या शेजारी बसणं म्हणजे चालू शिवणयंत्राशेजारी बसणं. मी तिला म्हटलंही, बाई, एवढी शक्ती आहे तर जाऊन सायकल तरी मार. ती हसली नाही. त्या आठवड्यात तिला कशाचंच हसू येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही फार येत नव्हतं.

आमचं काम सांगायला सोपं आहे. डेल्फ्टमधल्या एका हिऱ्यातला कण आणि खाउडामधल्या हिऱ्यातला कण एकमेकांत असे गुंतवायचे, की एकाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तराशी जुळलंच पाहिजे. पण इतक्या लांब प्रकाश थेट पाठवला तर तो फायबरमध्ये वाटेतच मरतो. म्हणून मध्ये, झूटरमेरला ट्रामच्या थांब्यामागच्या टपरीएवढ्या खोलीत, तिसरा हिरा ठेवला होता. आधी डेल्फ्ट-झूटरमेरची जोडी जमवायची, मग झूटरमेर-खाउडाची, आणि मग मधल्याने दोन्ही टोकं एकमेकांना बांधून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. लग्नं जमवणाऱ्या मावश्या करतात तेच.

घोडं पेंड खातं ते वेळेपाशी. दोन्ही जोड्या एकदम लागत नाहीत. पहिली लागली की ती मधल्या हिऱ्यात धरून ठेवायची आणि दुसरीसाठी प्रयत्न करत राहायचं. यातले बहुतेक प्रयत्न वाया जातात, आणि प्रत्येक प्रयत्नाचा धक्का त्या धरून ठेवलेल्या जोडीलाही बसतो. ती हळूहळू नासते. दूध नासलं तर निदान वास येतो. हिला तोही नाही. म्हणून आधीच ठरवावं लागतं, की इतके प्रयत्न होऊनही दुसरी लागली नाही तर पहिलीही टाकून द्यायची आणि पुन्हा श्रीगणेशा करायचा. याला आम्ही सोडायचा आकडा म्हणतो. तो मोठा ठेवला तर जोड्या भरपूर मिळतात पण बऱ्याचशा नासक्या. लहान ठेवला तर अस्सल मिळतात, पण इतक्या थोड्या की त्यांच्या जोरावर काही सिद्ध करायला जन्म जाईल. रूलीनची पाच वर्षं या एका आकड्यापायी गेली होती.

आमच्याकडे एक रीत आहे. मोजणी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर आकडा ठरतो, आणि मग त्याला हात लावायचा नाही. जोड्या किती लागल्या हे पडद्यावर दिसतं, पण त्या किती चांगल्या आहेत हे मोजणी संपेपर्यंत कोणी बघायचं नाही. माणसाचं मन लबाड असतं. हवं ते दिसलं की ते समाधान मानतं, नको ते दिसलं की चुका शोधत बसतं. ही रीत आमच्यात आणली रूलीननेच, दुसऱ्या वर्षाला असताना. पडद्यावर जिथे हे गुण दिसतात त्या कोपऱ्यावर बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटवला तोही तिनेच, आणि एकदा एका पाहुण्याने तो गमतीत उचलला तेव्हा त्याला तिने असं झापलं की बिचारा पुन्हा आमच्या मजल्यावर फिरकला नाही.

आता शुक्रवारी दुपारी बारा वाजता फायबर जाणार होतं. केबल कंपनीने ते आम्हाला वापरायला दिलं होतं, आता तिला त्यासाठी पैसे देणारं गिऱ्हाईक मिळालं होतं. जूनमध्ये रूलीनच्या पीएचडीच्या प्रबंधाचा बचाव होता, म्हणजे परीक्षकांसमोरची जाहीर तोंडी परीक्षा. परीक्षकांत बाझेल विद्यापीठाच्या प्राध्यापक रूफेनाख्त बाई होत्या. त्यांनी रूलीनला आपल्या गटात जागा देऊ केली होती, पण तीन गावांमधून जोडी जुळवल्याचं सिद्ध झालं तर, असं तोंडावर सांगून. आमच्या मोजपट्टीवर शंभरात पन्नासच्या वर गुण पडले तर गुंता खरा. त्याच्या खाली सगळं असून नसून सारखं. पुठ्ठ्याखालच्या त्या आकड्यावर बाझेल अवलंबून होतं, आणि रूलीनला बाझेल इतकं हवं होतं की तिने घराच्या मालकाला जागा सोडत असल्याचंही कळवून टाकलं होतं.

बुधवारी एव्हर्टचा वाढदिवस होता. एव्हर्ट आमचा प्राध्यापक. सकाळी तो स्वतःच सफरचंदाचे दोन मोठे केक घेऊन सायकलवरून आला, वाऱ्याने त्यातल्या एकाची पार चटणी केली होती. आम्ही रिवाजाप्रमाणे त्याचं अभिनंदन केलं, मग एकमेकांचं केलं, मग गोल करून बसलो आणि काय बोलावं ते न सुचून केक खात राहिलो. रूलीन आली. तिने एक तुकडा घेतला, मग दुसरा घेतला, चटणी झालेल्यातलाच. एव्हर्टच्या बोटीच्या कंटाळवाण्या गोष्टीवर ती मनापासून हसली. माझं लक्ष तिच्या पायाकडे गेलं. तो अगदी शांत होता.

मोजणी अर्धवट आहे, पुठ्ठा जागच्या जागी आहे, आणि ही बाई केक मागून घेतेय. मी तिला दंडाला धरून बाहेरच्या पॅसेजमध्ये नेलं.

"तू बघितलंस," मी म्हटलं.

"काय बघितलं?"

"रूलीन, मी काय दुधखुळी आहे?"

ती खिडकीकडे वळली. खाली कालव्यात बदकं भांडत होती. मग तिने सगळं सांगितलं, आणि एकदा सुरू झाल्यावर तिला थांबवणं कठीण झालं. काल संध्याकाळी सगळे गेल्यावर तिने पुठ्ठा उचलला होता. अठ्ठेचाळीस. मग तिने सोडायचा आकडा खाली आणला. एवढ्यावर न थांबता आधी मिळालेल्या जोड्याही त्याच चाळणीतून काढल्या, जास्त थांबलेल्या होत्या त्या फेकल्या. उरलेल्यांचे गुण आले छप्पन्न.

"आणि ते बरोबर आहे, हिस्के. जास्त थांबलेल्या जोड्या नासतात हे तुलाही माहितेय. आपण आकडा चुकीचा धरला होता, मी तो दुरुस्त केला."

"बघून दुरुस्त केलास."

"आपण बघितलं म्हणून नासकी जोडी चांगली होत नाही."

"नाही होत. पण तू किती आकडे लावून बघितलेस, छप्पन्न यायच्या आधी?"

"बरेच," ती म्हणाली.

मला राग कशाचा आला सांगू? तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं याचा. नवा आकडा जुन्यापेक्षा चांगला होता, ते मी तिथे उभ्या उभ्या मनात पडताळून पाहिलं. पण मास्तरने आपल्या पोराला न आलेले प्रश्न रद्द करावेत आणि मग पोराचे गुण मोजावेत, तशी ही गत झाली होती. पोरगा हुशार असेलही, पण त्या गुणांवरून ते कसं कळणार? मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. बचावाच्या दिवशी उमेदवाराच्या बाजूला काळ्या कपड्यांत दोन माणसं उभी राहतात, त्यातली एक मी असणार होते. मी परत जाऊन केक खात बसले असते तर कोणाला पत्ता लागला नसता. मला ते जमेना, आणि जमत नाही म्हणून अजूनच चिडचिड झाली.

"तू सांगतेस की मी सांगू?" मी विचारलं.

तिने सांगितलं. तिथेच, त्या गोलात उभी राहून, हातात उष्टी बशी घेऊन. एव्हर्टने हातातला तुकडा संपवला, काटा रुमालाला पुसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, की आतापर्यंतची सगळी मोजणी आकडा निवडण्यात खर्ची पडली असं धरू. आकडा मिळालाय. आता त्याच्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजा.

"शुक्रवारपर्यंत?" रूलीनने विचारलं.

"फायबर आहे तोपर्यंत," तो म्हणाला आणि दुसऱ्या केककडे वळला.

पुढचे दोन दिवस कसे गेले ते विचारू नका. आकडा लहान, त्यामुळे पहिली जोडी लागते न लागते तोच सोडून द्यायची वेळ. लागली, गेली. लागली, गेली. झूटरमेरला ट्राम गेली की खोली हादरायची आणि हिऱ्यावर रोखलेला लेझर जागेवरून सरकायचा. मग रूलीन वाऱ्यात सायकल हाणत तिथे जायची, तो जागेवर आणायची, परत यायची, खुर्चीत बसायची, उठायची. पुठ्ठ्याकडे ती पाठ करून बसायला लागली. मी तिच्याशी कामापुरतं बोलत होते. मध्येच एखादी जोडी टोकापासून टोकापर्यंत लागायची, पडद्यावरचा आकडा एकने वाढायचा, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता श्वास सोडायचो.

शुक्रवारी आम्ही दोघी झूटरमेरच्याच खोलीत बसलो. केबल कंपनीचा बारेंड हत्यारांची पिशवी घेऊन बाराच्या आधीच दारात हजर. नेमकी तेव्हाच पहिली जोडी लागली होती. रूलीनने त्याला थोडं थांबायची विनंती केली. तो म्हणाला की त्याला पुढे लायडनला जायचंय, हातातली कॉफी संपेपर्यंत थांबतो. मग त्या भल्या माणसाने ती कॉफी इतकी हळू प्यायली की शेवटी ती बर्फासारखी गार झाली असणार. जोडी सुटली. पुन्हा लागली, पुन्हा सुटली. त्याने कप ठेवला, आत हात घातला आणि फायबर काढून घेतलं.

डेल्फ्टला परतल्यावर रूलीनने मला पुठ्ठा काढायला सांगितलं. त्रेपन्न. पण जोड्या इतक्या थोड्या, की त्रेपन्नच्या खाली-वर बरंच काही असू शकत होतं, पन्नासच्या खालचंही. गुंता खरा असण्याचीच शक्यता जास्त होती, सिद्ध मात्र काही झालं नव्हतं. आणखी एक आठवडा मिळता तर झालं असतं. किंवा पहिल्या मोजणीचे दिवस वाया गेले नसते तर. ती कोट चढवून निघून गेली. मी तिच्यामागे गेले नाही, जायला हवं होतं.

प्रबंधात तिने सगळं लिहिलं. त्रेपन्नही लिहिलं, आणि पहिली मोजणी, चाळून छप्पन्न गुण आलेली, मागे परिशिष्टात जोडली. तिच्याखाली टीप दिली, की ही आकडा निवडण्यासाठी वापरली असल्याने निकालात धरू नये. वाक्य खरं होतं आणि सुरक्षितही होतं. कोणी विचारलं तर काय बोलायचं याची आम्ही माझ्या स्वयंपाकघरात तालीम केली, आणि मीच तिला बजावलं की याच्यापुढे एक अक्षर बोलायचं नाही.

बचावाला सभागृह भरलं होतं. तिचे आईवडील ड्रेंथहून आले होते, पहिल्या रांगेत अवघडून बसले होते. शेवटी रूफेनाख्त बाईंची पाळी आली. त्यांनी परिशिष्ट उघडलं आणि विचारलं, की दोन्ही मोजण्या एकत्र केल्या तर गुण पन्नासच्या चांगलेच वर जातात, मग तुम्ही त्या एकत्र का करत नाही? रूलीनने तालमीतलं वाक्य म्हटलं. बाईंनी मान हलवली.

"ते मी वाचलं. पण एक आकडा निवडायला एवढी मोठी मोजणी कशाला लागली?"

तेवढ्यात दार उघडलं. आमच्याकडे बचाव बरोबर एक तास चालतो. तास भरला की झगा घातलेल्या बाई आत येतात, हातातला दंड जमिनीवर आपटतात आणि वेळ झाली म्हणून पुकारतात. त्यानंतर उमेदवाराने तोंड उघडलं नाही तरी चालतं. कित्येकांची अब्रू त्या दंडाने वाचवली आहे. बाईंनी दंड आपटला, वेळ झाल्याचं सांगितलं. अध्यक्ष हसून रूलीनला म्हणाले की उत्तर द्यायची आता गरज नाही. माझा जीव भांड्यात पडला.

"मला उत्तर पूर्ण करायचंय," रूलीन म्हणाली.

अध्यक्षांनी दाराकडे बघितलं, मग परीक्षकांकडे. मी तिचा झगा मागून ओढला. तिने लक्ष दिलं नाही.

"ती मोजणी आकडा निवडायला केलीच नव्हती. ती खरी मोजणी होती. शेवटपर्यंत बघायचं नाही हा नियम माझा होता. मला धीर धरवला नाही, मी बघितलं, आणि मग जे चांगलं दिसलं तेवढंच ठेवलं. म्हणून ती धरता येत नाही."

दंड घेतलेल्या बाई दारातच ताटकळल्या होत्या. रूफेनाख्त बाईंनी परिशिष्ट मिटलं, आभार मानले, आणि सगळे परीक्षक रांगेने बाहेर गेले. रूलीनची आई माझ्याकडे बघून विचारत होती, काय झालं, काही चुकलं का. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते रागाचं की कशाचं हे मला अजूनही धड सांगता येणार नाही.

पदवी मिळाली, ती मिळणारच होती. नंतरच्या पार्टीत मी कोपऱ्यात उभी होते. रूफेनाख्त बाई हातात बिअरचा पेला घेऊन माझ्याकडे आल्या. इथल्या रिवाजाप्रमाणे त्यांनी माझंही अभिनंदन केलं.

"तिने बघितलं, हे तेव्हा तुम्हाला तिने आपण होऊन सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलावं असं मनात आलं. "नाही," मी म्हटलं. "मी पकडलं."

त्यांनी एक घोट घेतला.

"आज कोणी पकडलं नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि रूलीन कुठे आहे म्हणून विचारून त्या गर्दीत शिरल्या.