मधली शिवण

रिप्लेस : जुनं काढून त्याच्या जागी नवं ठेवणे.
वाक्य : आमची मुलगी आमची गादी रिप्लेस करायला निघाली आहे.

हे वाक्य विद्याधर सरांनी गुरुवारच्या वर्गासाठी तयार केलं आणि लगेच रद्द केलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मुलुंडच्या आपल्या सोसायटीतल्या बायकांना ते दर गुरुवारी दुपारी इंग्रजी शिकवत. या खेपेला जुन्याचं नवं करणारी क्रियापदं घ्यायची होती. उदाहरणं मात्र सगळी घरातूनच सुचत होती, आणि घरात सध्या एकच विषय होता.

कुंदाताईंची कंबर. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गादी कडक हवी. नवरा-बायकोची गादी कापसाची, लग्नानंतर भरून घेतलेली. आता तिच्यात दोन घळी पडल्या होत्या, एक सरांची, एक कुंदाताईंची, आणि मध्ये शेतातल्या बांधासारखा उंचवटा.

"आत्ताच ऑर्डर टाकते," बोरिवलीहून लेक गंधाली फोनवर म्हणाली. "दोन सिंगल. आईला हार्ड, बाबांना सॉफ्ट. दोघं झकास झोपा."

"चालेल," कुंदाताई म्हणाल्या.

सरांच्या हातातला पेपर खाली आला. इतक्या पटकन? साधी कोथिंबिरीची जुडी घ्यायची तर ही बाई चार टोपल्या उलथ्यापालथ्या करते.

रिपेअर : बिघडलेलं पुन्हा चालू करणे.
वाक्य : डॉक्टरांनी माझं हृदय रिपेअर केलं.

हे खरं होतं. दोन वर्षांपूर्वी सरांच्या छातीत स्टेंट बसवला होता. तेव्हापासून रात्री कधीतरी कुंदाताईंचा हात बांध ओलांडून येई आणि सरांच्या छातीवर टेके. श्वास चालू आहे ना, एवढं बघून परत जाई. सर जागे असत. आपण जागे आहोत हे कळलं तर ती हात काढून घेईल, म्हणून डोळे गच्च मिटून, बोटसुद्धा न हलवता पडून राहत. दिवसभरातली ती त्यांची सगळ्यात आवडती वेळ होती आणि हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

दोन गाद्या, दोन पलंग. मग तो हात येणार कुठून?

पिढ्यान्‌पिढ्या पोरांना 'मे आय' शिकवलेल्या माणसाला एवढंच विचारता येईना. म्हणून ते शब्दांवरून भांडले.

"रिप्लेस कशाला? कापूस उत्तम आहे. रिन्यू करू."

"कापसाला काय पासपोर्ट आहे?"

"बरं, रीमेक म्हण."

"रीमेक सिनेमांचे होतात. आणि ते बघवत नाहीत."

"कुंदा, पिंजारी येतो, कापूस मोकळा करतो, पुन्हा भरतो. कडक हवी तर कडक. यात तुला अडचण काय आहे?"

"मला काही नाही हो," कुंदाताई म्हणाल्या आणि उठून कुकर लावायला गेल्या. "बोलवा तुमच्या पिंजाऱ्याला. नंबर द्या, मीच सांगते त्याला काय ते."

सर जिंकले. निदान त्यांना तसं वाटलं. गंधालीची ऑर्डर त्यांनी स्वतः फोन करून रद्द करवली.

रीफिल :

याचं वाक्य राहिलं, कारण गच्चीवरून टण्‌ टण्‌ आवाज यायला लागला होता.

पिंजारी अनवरभाईंनी गच्चीवर ताडपत्री अंथरली होती. खोळ उसवून कापसाचा ढीग केला होता आणि त्यात पिंजणाची तार वाजत होती. दगडासारखे झालेले गोळे फुटून हलके होत होते. सर बघत उभे राहिले. त्यांना वर्गात सांगण्यासारखं खूप काही दिसत होतं.

मग त्यांना कापड दिसलं. निळ्या पट्ट्यांचं नवं कापड. दोन तुकडे.

"हे दोन कशाला?"

"दोन सिंगल ना, सर? मॅडम फोनवर बोलल्या. कापड कापून झालं."

म्हणजे तिनेच सांगितलं. लेकीच्या आग्रहाखातर नव्हे, स्वतःहून.

कुंदाताई तेवढ्यात चहा घेऊन वर आल्या. सरांनी कप घेतला नाही. "तुला वेगळं झोपायचं होतं, तर मला सांगायचं."

"हळू बोला. अनवरभाई ऐकतायत."

"मी नाही ऐकत," अनवरभाई म्हणाले आणि तार जोरात वाजवू लागले.

कुंदाताईंनी चहा टाकीच्या कठड्यावर ठेवला. "तुमच्यासाठीच सांगितलं. माझा हात लागला की तुम्ही लाकडासारखे ताठ होता. श्वासपण धरून ठेवता. किती त्रास होत असेल, मला कळत नाही का? आणि तुम्ही श्वास धरला की माझीच छाती धडधडते. मग मला झोप नाही. म्हटलं, नकोच ते."

सर म्हणाले, "मी सोंग घेतो."

"कसलं?"

"झोपेचं. जागा आहे असं कळलं तर तू हात काढून घेशील, म्हणून."

तार थांबली. अनवरभाईंनी पटकन पुन्हा सुरू केली.

"दोन वर्षं?" कुंदाताई म्हणाल्या. "दोन वर्षं सोंग? अहो, मी तिकडे देव पाण्यात घालून बसतेय, आणि तुम्ही... मास्तर असून एवढं बोलता येत नाही तुम्हाला?" त्यांचा आवाज चढला होता, पण पदर तोंडाशी गेला होता आणि खांदे हलत होते. त्या हसत होत्या.

"वाट लागली कापडाची," सर म्हणाले. "अनवरभाई, एक होईल का आता?"

"होईल ना. मध्ये शिवण दिसेल पण."

"दिसू दे," कुंदाताई म्हणाल्या. "माझ्या बाजूला दाबून भरा. यांच्या बाजूला सैल."

दुपारी दाभणाचा शेवटचा टाका पडला. निळ्या पट्ट्या मधल्या शिवणीपाशी जुळत नव्हत्या, बोटभर चुकत होत्या. अनवरभाई टाकीच्या सावलीत डबा उघडून बसले आणि म्हणाले, "बघा झोपून. कमीजास्त असेल तर आत्ताच सांगा."

"इथे? समोरच्या बिल्डिंगमधून दिसतं सगळं," कुंदाताई म्हणाल्या. पण सर चप्पल काढून आडवे झालेसुद्धा. मग त्याही कंबर धरत टेकल्या, हळूहळू आडव्या झाल्या. गादी ऊन खाऊन गरम होती.

"कडक आहे?"

"आहे."

मग शिवण ओलांडून हात आला. भरदुपारी, उघड्या गच्चीवर, सरांच्या छातीवर टेकला. सरांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. छाती भरून श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला.

"एवढा मोठा नको," कुंदाताई म्हणाल्या. "घोरल्यासारखं वाटतं."

सरांनी थोडा कमी केला. हात तिथेच होता.