हरिसिंगची हाक

त्या दिवशी सकाळी पुष्पाला चहात साखर आहे की नाही हेसुद्धा कळलं नाही. आज तिची शेवटची चाचणी फेरी होती. आर्णीहून दारव्हा आणि परत, एसटीची भरली गाडी, आणि शेजारी ट्रेनर रामराव. फेरीत कधीही रामरावांनी कागदावर सही केली, की उद्यापासून पुष्पा स्वतंत्र ड्रायव्हर. नाही केली, तर पुन्हा तीन महिने डेपोत गाड्या मागेपुढे करत बसायचं. आणि रामरावांची सही काही सहजासहजी मिळत नसे. मागच्याच आठवड्यात त्यांनी दोन धडधाकट गड्यांना परत पाठवलं होतं, त्यातल्या एकाला तर हॉर्न फार वाजवतो एवढ्याच कारणावरून.

त्यात बा येऊन बसला. "तू येऊ नको बा, मले भेव वाटते," असं तिनं तांड्यावरून निघताना दहादा बजावलं होतं. बानं, म्हणजे हरिसिंगनं, शहाण्यासारखी मान हलवली, आणि ती निघताच कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून आर्णी गाठली. रीतसर तिकीट काढून, नवा फेटा बांधून, ड्रायव्हरच्या बरोबर मागच्या शिटावर हा माणूस ठाण मांडून बसला. बोलला काही नाही. बोलणार कशानं? दोन वर्षांपूर्वी त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यात आवाज कायमचा गेला. त्याआधी बावीस वर्षं याच रस्त्यावर त्याची काली-पिली प्रवासी जीप धावली, आणि जीप दिसायच्या आधी प्रवाशांना हाका मारणारा त्याचा आवाज ऐकू यायचा.

पुष्पा त्या जीपवरच गाडी शिकली. घरात बा बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलायचा, पण ती स्टिअरिंगवर बसली की वऱ्हाडीत सुरू व्हायचा, म्हणजे पोरीला बसणारी बोलणी मागच्या प्रवाशांनाही नीट समजावीत. तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि आता बा मागे मुकाट बसला होता, तरी तोच जाडाभरडा आवाज तिच्या कानात, गाडी आर्णीबाहेर पडताना लागणाऱ्या मारुतीच्या देवळापासून, चालू झाला होता.

"क्लच काय पायपुसनं हाये? पाय उचल!"

पुष्पानं पाय उचलला.

"मांगच्या शिटावर कोनाची तरी बुढी बसली असन. कंबर मोडशीन का तिची?"

गतिरोधकावरून गाडी अलगद गेली. शाळेकडे निघालेल्या पोरी बाई ड्रायव्हर बघून रस्त्याच्या कडेनं ओरडत पळू लागल्या. एवढी मोठी गाडी आपल्या दोन हातांत आहे, या विचारानं पुष्पाला हसू दाबणं कठीण झालं. शेजारी रामराव रजिस्टर मांडीवर घेऊन काहीतरी लिहीत होते. हसणाऱ्या ड्रायव्हरबद्दल त्यांचं मत काय असेल कोण जाणे, म्हणून तिनं ओठ मिटून घेतले.

पुढे एका गावाजवळ अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलं होतं. कडेला दगड, आणि एक बाई वाकून झाडूनं दाणे सारत होती. समोरून कापसानं लादलेला ट्रॅक्टर येत होता. दोघांना एकदम जागा नव्हती.

"माल वाळून राह्यला कोनाचा. चाक घालू नको. थांबलीस तं काय झिजशीन?"

पुष्पानं लांबूनच वेग तोडला आणि गाडी उभी केली. ट्रॅक्टर निघून गेला. रामरावांनी वर पाहिलं.

"थांबली व्हय गाडी?" ते म्हणाले, आणि पुन्हा लिहू लागले.

दारव्ह्याला बाजाराचा दिवस होता. स्टँडवर गर्दी ही गर्दी, पण सगळी गेटबाहेरच्या जीपांकडे निघालेली. कंडक्टर नोंद करायला कंट्रोलरच्या खिडकीकडे गेला होता. परतीची गाडी रिकामी आणि सुटायला पाच मिनिटं. बायका डोक्यावर गाठोडी घेऊन समोरून खुशाल निघून चालल्या होत्या. पुष्पाला ते बघवेना. आपण काय करतोय हे कळायच्या आत तिनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि छातीच्या तळातून हाक दिली.

"चाला आर्णी, आर्णी, आर्णीऽऽऽ! चाला माय, जागा हाये, पसरून बसा!"

अख्खा स्टँड वळून बघू लागला. आवाज बाईचा होता, पण ती ओढ, तो खरखरीत शेवट, सगळं हरिसिंगचं. गेटपाशी गेलेल्या बायका थबकल्या आणि गाठोडी सावरत एसटीकडे पळत सुटल्या. दोन मिनिटांत गाडी भरत आली.

रामरावांचा चेहरा मात्र लाल झाला होता.

"पुष्पाबाई, हे एसटी हाये का काली-पिली? ड्रायव्हर हाका मारते कुठी?"

"चुकलं सर. तोंडातून निंगालं."

"आज तोंडातून निंगालं, उद्या हातातून निंगन." त्यांनी कागद काढला, पेन काढलं. "जीपवरचं सगळं डोक्यातून काढून टाका. बापानं शिकवलं ते विसरा. विसरते म्हना, सही करतो."

'हो सर' एवढंच तर म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आलेही. पुष्पानं आरशात पाहिलं. बा खाली मान घालून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता.

"नाही विसरत, सर," ती म्हणाली. "हाक नाही मारनार पुन्हा. पन मघा सोयाबीनपाशी गाडी थांबली, तवा तुम्ही लिहून राह्यले होते. ते ओळ पाहा. हालली का? तो ब्रेक माह्या बापाचा हाये. बाप विसरा म्हनसान, तं ब्रेकबी विसरा लागते."

रामरावांनी तिच्याकडे बघितलं. मग रजिस्टर उघडलं, चष्मा वर सारला आणि ओळीवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत त्यांनी कागदावर झोकात सही ठोकली.

"हाक कंडक्टरची. ध्यानात ठेवा."

पुष्पाला नाचावंसं वाटलं. शिटावर नाचता येत नाही म्हणून तिनं स्टिअरिंग घट्ट धरलं.

तेवढ्यात धुरपताबाई, जी वीस वर्षं हरिसिंगच्या जीपनंच बाजार करत आली होती, ती धापा टाकत ड्रायव्हरमागच्या शिटावर येऊन आदळली आणि शेजारी कोण आहे ते बघून ओरडलीच.

"अरे हरिसिंग! तुहा आवाज कधी आला वापस? म्या गेटापासून आयकला, जीपीत ठेवलेलं गठुडं उचलून पयत आली!"

गाडीतली चारदोन माणसं हसली. हरिसिंग हसला नाही. त्यानं डोक्यावरचा फेटा नीट केला, नाही म्हणून मान हलवली, आणि हात लांब करून पुढच्या ड्रायव्हरच्या शिटाकडे बोट दाखवलं.

कंडक्टरनं डबल बेल दिली. पुष्पानं पहिला गिअर टाकला. आतल्या आरशात तिनं बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचा रस्ता दिसला नसता.